नवं करून दिलेलं घड्याळ

समजा, एक घड्याळ तुमच्यासमोर उघडं पडलं आहे. काच काढून बाजूला ठेवली आहे. तुमच्या उजव्या डोळ्याच्या खोबणीत आयग्लास आहे, म्हणजे घड्याळजी वापरतात ते छोटं भिंग. डायलच्या मध्यावर एक लांब, केसासारखा बारीक काटा आहे. तो उचलायचा आहे. आधी काट्याखाली पातळ प्लास्टिक सरकवा, नाहीतर चिमट्याचं टोक डायलवर कायमचा ओरखडा काढेल. श्वास धरा. दोन्ही बाजूंनी सारखा जोर द्या. काटा टक् करून सुटतो. त्याच्या मधल्या नळीचं तोंड अगदी किंचित आवळा, काटा परत बारावर बसवा आणि खालचं बटण दाबून बघा. काटा कुठेही असला तरी उडी मारून थेट बारावर आला पाहिजे. आला. वीस मिनिटांचं काम.

आता घड्याळ बंद करा आणि ज्याचं त्याला देऊन टाका.

मार्च २०११ मध्ये दशरथ ओव्हाळ यांना एवढंच काम सांगितलं होतं. त्यांनी जास्त केलं.

दशरथ आज त्रेसष्ट वर्षांचे आहेत. बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या ओळीत, एका जिन्याखाली त्यांची साडेचार फूट रुंद जागा आहे. डावीकडे मोबाइलची कव्हरं लटकतात, उजवीकडे दिव्यांच्या माळा लुकलुकतात आणि मधे खाली मान घालून दशरथ बसलेले असतात. बोलतात कमी.

"काका, किती वेळ लागेल?" असं कुणी विचारलं तर ते मान वर न करता म्हणतात, "घड्याळाला, की तुम्हाला?"

सतराव्या वर्षी ते याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे शिकायला लागले. उस्तादांनी त्यांना दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. पहिली ही, की गिऱ्हाईकाला चाकं दिसत नाहीत, घड्याळाचं तोंड दिसतं. मशीन कितीही चांगलं दुरुस्त केलं तरी तोंड मळकं राहिलं तर पैसे देताना माणसाचा हात आखडतो. म्हणून आलेलं घड्याळ उजळूनच परत द्यायचं. दुसरी गोष्ट, मागचं झाकण बंद करण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि महिना-वर्ष कोरायचं. बाहेरून ते कुणाला दिसत नाही. पुढे कधीतरी तेच घड्याळ दुसऱ्या कारागिराने उघडलं तर आधी काम कुणी केलं ते कळावं. प्रत्येकाची खूण वेगळी. दशरथ यांची खूण म्हणजे एक छोटा त्रिकोण.

आता त्या घड्याळाबद्दल. ते क्रोनोग्राफ होतं, स्वित्झर्लंडच्या एका नावाजलेल्या कंपनीचं. दशरथ त्याला तीन डोळ्यांचं म्हणतात, कारण डायलवर तीन छोट्या चकत्या असतात. साधं घड्याळ फक्त वेळ सांगतं. क्रोनोग्राफ वेळ मोजतंही. वरचं बटण दाबलं की लांब काटा धावायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर परत. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसला घोड्यांच्या शर्यतीत असं यंत्र वापरलं होतं, ते पांढऱ्या तबकडीवर शाईचा ठिपका पाडायचं. वेळ खरोखर लिहायचं. मग ते खिशात आलं, मनगटावर आलं, वैमानिकांकडे गेलं, शर्यतीच्या गाड्यांत गेलं. काचेभोवतीच्या कडीवर आकडे आले. हे आकडे फार हुशारीचे आहेत: एका किलोमीटरच्या दगडाशी बटण दाबा, पुढच्या दगडाशी थांबवा. पन्नास सेकंद लागले असतील तर काट्यासमोर बहात्तर लिहिलेलं असतं. तोच तुमचा ताशी वेग. भागाकार घड्याळाने आधीच करून ठेवलेला असतो.

पुण्यात या कडीचा असा उपयोग करणारे फार लोक नसतील. कोंडीराम भोयर करायचे. ते मूळचे वर्ध्याचे, साठच्या दशकात इकडे आले आणि चिंचवडच्या बाजूला ट्रकच्या एका कारखान्यात चाचणी ड्रायव्हर झाले. नव्या ट्रकचे बॉडी न चढवलेले सांगाडे घेऊन, अंगावर ऊन घेत, ते रोज दीडदोनशे किलोमीटर चालवायचे. गिअरबॉक्सच्या कामासाठी आलेला एक स्विस इंजिनिअर वर्षभर त्यांच्या शेजारी बसून आकडे लिहीत होता. १९७१ मध्ये परत जाताना त्याने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून कोंडीरामांना दिलं. तेव्हापासून ते त्यांच्या उजव्या मनगटावर होतं, बाहेरच्या, ऊन लागणाऱ्या हातावर. निवृत्त झाल्यावर एसटीने गावाला जातानाही ते दगड बघून बटण दाबायचे आणि उतरताना ड्रायव्हरला सांगायचे, "चौऱ्याहत्तर होतं. मीटर खोटं बोलते तुमचं."

दर दोन वर्षांनी घड्याळ साफ करायला ते दशरथ यांच्याकडे यायचे. पंचवीस वर्षं हे चाललं. २०१० मध्ये दशरथ यांचा मुलगा चेतन आयटीआय करून घरी बसला होता. कोंडीराम निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, तरी जुन्या कारखान्यात गेले, दोन तास बाकावर बसून राहिले आणि चेतनला अप्रेंटिस म्हणून घ्यायला लावून आले. दशरथ आभार मानायला लागले तर म्हणाले, "राहू दे बे. पोरगं कामाचं आहे."

पुढच्या मार्चमध्ये ते घड्याळ घेऊन आले. "दशरथ, लांब काटा शून्यावर येत नाही. दोन सेकंद पुढे उभा राहते. तेवढं बघ."

दशरथ यांनी काच काढली. डायल कधी काळी काळं होतं. चाळीस वर्षांच्या उन्हाने ते तपकिरी झालं होतं, कडेला गडद आणि मधे चहासारखं. काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग पिवळट पडला होता. केसच्या, म्हणजे बाहेरच्या स्टीलच्या कवचाच्या, कडा ओरखड्यांनी भरल्या होत्या. दशरथ यांना वाटलं, ज्या माणसाने माझ्या पोराला उभं केलं त्याच्या हातात हे असं मळकं घड्याळ? माझ्याकडे दुसरं देण्यासारखं आहे तरी काय?

त्यांनी वीस मिनिटांऐवजी तीन आठवडे लावले. डायल ओळखीच्या कारागिराकडून खरवडून परत काळं रंगवून घेतलं, त्यावर आकडे नव्याने छापून घेतले. मुंबईहून काट्यांचा नवा संच मागवला. केस स्वतः बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, घासली, इतकी की तिच्या धारदार कडा गोल झाल्या. मधे कोंडीराम एकदा येऊन विचारून गेले, "एका काट्याला काहून एवढे दिवस?" दशरथ हसून म्हणाले, "बघा तर खरं." शेवटी झाकणात त्रिकोण कोरला, त्याच्यापुढे ३-११. पैसे घेतले नाहीत. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आपण केलं, असं त्यांना वाटत होतं. पुढची तेरा वर्षं तसंच वाटत राहिलं.

गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी गंधार दुकानात आला. हा हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करणारा एकतीस वर्षांचा मुलगा, जुन्या क्रोनोग्राफचा वेडा. तेव्हा वर्षभरापासून तो दशरथ यांच्याकडे घड्याळं आणत होता. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं होतं, "काका, पॉलिश करायचं नाही. आत काही खरवडायचंही नाही. आहे तसं ठेवायचं, फक्त चालू करायचं." दशरथ यांना हे विचित्र वाटलं होतं, पण गिऱ्हाईक म्हणतं तर तसं.

त्याच्याबरोबर पन्नाशीच्या एक बाई होत्या. "काका, या दीपमालाताई. विश्रांतवाडीला असतात, माझ्या ऑफिसातल्या मित्राची मावशी. यांच्या वडिलांचं घड्याळ आहे. बघा आणि रडा माझ्याबरोबर."

त्याने आधी मोबाइल पुढे केला. १९९६ चा निवृत्तीचा फोटो होता. गळ्यात हार घातलेले कोंडीराम नमस्कार करत होते. गंधारने मनगट मोठं करून दाखवलं. "दिसतंय? डायल चॉकलेटी आहे. त्या काळच्या काही काळ्या रंगांत मुळात दोष होता, उन्हाने ते असे व्हायचे. कंपनीच्या दृष्टीने तो बिघाड होता. आज जगभरातले संग्राहक नेमकं हेच शोधत फिरतात, कारण असं दुसरं बनवताच येत नाही. प्रत्येकाचा तपकिरी वेगळा." मग त्याने रुमालातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "आणि हे बघा. कुठल्यातरी दिवट्याने यावर रंग मारलाय."

काळंकुळकुळीत डायल. दशरथ यांनी ते हातात घेतलं. वजन ओळखीचं होतं.

"एवढा फरक पडतो?" दीपमालाताईंनी विचारलं. लग्नानंतर त्या नगरला होत्या. वडील गेल्यावर आईसाठी इकडे आल्या आणि आता आईही नव्हती. दशरथ यांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"ताई, एका परदेशी नटाने रोज वापरलेलं स्टीलचं क्रोनोग्राफ काही वर्षांपूर्वी लिलावात शंभर कोटींच्या वर गेलं. सोनं नाही, हिरे नाहीत. आणि त्या प्रकारचं डायल नवं असताना दुकानात पडून असायचं, कुणाला आवडायचं नाही. लोक वस्तूबरोबर ती वापरणारा माणूस विकत घेतात. तो माणूस या घड्याळात होता. पुसून टाकला." तो दशरथ यांच्याकडे वळला. "काका, जरा मागचं उघडा. मशीन तरी धड आहे का बघू."

दशरथ यांनी झाकण फिरवलं. हात थांबला, पण झाकण सुटलं होतं.

"हा बघा!" गंधारने भिंग लावलं. "त्रिकोण. तीन, अकरा. सही पण करून गेलाय हरामखोर. कोण असेल काका? तुम्ही तर इथल्या सगळ्यांना ओळखता."

"तेव्हा बरेच जण होते," दशरथ म्हणाले. "आता राहिले नाहीत."

दीपमालाताई जरा कसनुसं हसल्या. "नाही तर बाबांनीच सांगितलं असेल. त्यांना डाग चालायचे नाहीत, शर्टाला इस्त्रीसुद्धा स्वतः करायचे. सांगतात ना हो लोक असं, नवं करून द्या म्हणून? त्यांनीच सांगितलं असेल ना?"

"असेल," दशरथ म्हणाले.

मशीन चांगलं निघालं. गंधार म्हणाला, पूर्ण घड्याळ म्हणून याला आता कुणी विचारणार नाही, पण त्याच्याकडे असंच एक आहे, त्याची चाकं झिजलीत. पुढच्या रविवारी तो ताईंच्या घरून हे घेऊन जाईल.

"म्हणजे मोडणार?"

"मोडणार कसं, ताई? दुसऱ्यात चालू राहील."

"बाबांचे डोळे दान केले होते आम्ही. तसं?"

"तसंच समजा," गंधार म्हणाला. ते दोघं गेले.

दशरथ यांच्या पत्नी शालन यांना तिसऱ्या दिवशी कळलं. चहा गार होत होता. "साखर घालायची विसरले आज मुद्दाम," त्या म्हणाल्या, "बघू म्हटलं, तोंडातून शब्द निघतो का. काय झालंय ते सांगा."

त्यांनी सांगितलं. शालन यांनी सगळं ऐकून घेतलं.

"डायल रंगवलंत ते प्रेमाने. त्याचं काय एवढं? पण चेतनला बोलावते मी आज. सांगते त्याला, तुला ज्यांनी कामाला लावलं ना, त्यांचंच नाव पुढे करून तुझे वडील सुटले."

"मी नाव घेतलं नाही. ती बाई म्हणाली, मी फक्त 'असेल' म्हटलं."

"वा. वकील व्हायचं होतंत."

दशरथ जुने भाग टाकत नाहीत. काढलेले काटे, चाव्या, स्क्रू होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवायची त्यांची सवय आहे. चारशेच्या वर बाटल्या असतील. गंधार त्या दिवशी बोलता बोलता म्हणाला होता की निदान मूळचे काटे असते तरी घड्याळ म्हणून त्याला काही अर्थ होता. ते काटे असतील, तर याच बाटल्यांत. दशरथ यांनी दुकान उघडं ठेवून, गिऱ्हाइकांना उद्या या सांगून, दोन दिवस बाटल्या पाहिल्या. शोधताना एक विचार सारखा येत होता आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. काटे सापडले नाहीत तर बरं. मग जायला नको.

गुरुवारी सापडले. बाटलीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'को. भो.' आत सहा काटे, पिवळट.

शनिवारी सकाळी, दुकानाच्या वहीतला कोंडीरामांचा जुना पत्ता घेऊन, ते बसने विश्रांतवाडीला गेले. दीपमालाताईंनी दार उघडलं, ओळखलं, आत बोलावलं. पाणी आणायला वळल्या तेव्हा दशरथ उभ्याउभ्याच बोलले, कारण बसल्यावर जमलं नसतं.

"ताई, त्या दिवशी मी असेल म्हणालो, ते खोटं होतं. तो त्रिकोण माझा आहे. घड्याळ मी रंगवलं."

त्या थांबल्या. "बाबांनी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"काटा दोन सेकंद पुढे उभा राहतो, तेवढं बघ."

"बस?"

"बस."

"मग बाकीचं काहून केलंत?" दीपमालाताई पुण्यात वाढलेल्या, पण त्या क्षणी वडिलांचाच शब्द तोंडात आला.

दशरथ यांनी चेतनचं सांगितलं. बाकाचं, दोन तासांचं. स्वतःच्या तीन आठवड्यांचं. सांगताना त्यांना कळत होतं की हे सगळं खरं असूनही त्याने काही भरून येत नाही.

दीपमालाताई आत जाऊन पाणी घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "काका, चॉकलेटी काय आणि काळं काय, मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही जीव लावून केलंत, हे कळतं. पण हा अख्खा आठवडा मी बाबांवर चिडले होते. फोटोसमोर उभी राहून बोलले, की सगळं घासूनपुसून टाकायची काय हौस होती तुम्हाला, चाळीस वर्षं हातातलं ते एक तरी ठेवायचं होतं तसंच. मेलेल्या माणसाला मी फाडफाड बोलले. ते तुमच्या त्या एका शब्दामुळे."

"चुकलं माझं."

"हो, चुकलं." त्यांनी पाण्याचा पेला ठेवला. "बसा."

दशरथ बसले. त्यांनी बाटली पुढे ठेवली, आत काय आहे ते सांगितलं. डायल आता कुणीच परत आणू शकत नाही, पण काटे बसवता येतील, आणि काटे बसवले तर कदाचित गंधार ते न मोडता ठेवेल. दीपमालाताई म्हणाल्या, "गंधारला मी संध्याकाळी फोन करते. नको येऊस म्हणून सांगते. तुम्ही बसवा."

दीपमालाताईंनी घड्याळ आणून दिलं आणि जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरून दशरथ यांनी ते उघडलं. अर्धा तास लागला. पिवळट जुने काटे त्या चकचकीत काळ्या डायलवर बसले. म्हाताऱ्याचे हात कुणा तरुणाच्या अंगाला लावावेत, तसं दिसत होतं.

"विचित्र दिसतंय," दीपमालाताई म्हणाल्या.

"काढू?"

"राहू दे." त्यांनी घड्याळ हातात घेतलं. "तुम्ही हे परत दिलंत तेव्हा बाबा काय म्हणाले?"

दशरथ यांना तो दिवस नीट आठवतो. कोंडीराम दुकानासमोर उभे होते. त्यांनी घड्याळ उजेडात धरून पाहिलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग कानाला लावलं. म्हणाले, "आवाज तोच आहे." आणि ते शर्टाच्या खिशात ठेवलं. दशरथ यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. साफ करायची वेळ आली तेव्हा ते आजारी होते, मग गेले.

"आवाज तोच आहे," दीपमालाताईंनी पुन्हा म्हणून पाहिलं. "काका, मी तेव्हा नगरला होते, पण आई सांगायची. शेवटची दोन वर्षं त्यांनी हे हातात घातलंच नाही. कपाटात रुमालात गुंडाळून ठेवायचे. रोज सकाळी काढायचे, चावी द्यायचे, कानाला लावायचे, परत ठेवायचे. आईने एकदोनदा विचारलं, तर काही बोलले नाहीत. बाहेर जाताना शेजारच्या पोराचं जुनं प्लास्टिकचं घड्याळ बांधायचे."

दशरथ यांनी चिमटा आणि भिंग पिशवीत ठेवलं. चहा घेऊन ते निघाले.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. घड्याळ दीपमालाताईंकडेच आहे, त्या ते चालू ठेवतात. दीपमालाताईंकडून सगळं कळल्यावर गंधार दोन महिने दुकानात फिरकला नाही. मग एक दिवस आला, दुसरं एक घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "आत तुमचा त्रिकोण कोरा यावेळी. कळू दे कुणी केलं ते." दशरथ यांनी कोरला. आणि मग त्यालाही विचारलं, जे ते अधूनमधून सगळ्यांनाच विचारतात: कोंडीरामांनी ते पुन्हा हातात का घातलं नसेल?

शालन यांचं म्हणणं ठरलेलं आहे. जपत असतील. नवी वस्तू माणूस वापरायला कचरतो, नवी साडी नाही का पेटीत राहत? दशरथ ऐकून घेतात. त्यांनाही तेच खरं असावं असं वाटतं. चावी रोज द्यायचे, म्हणजे राग नव्हता. रुमालात ठेवायचे, म्हणजे काळजी होती.

पण फक्त जपायचंच होतं, तर त्या दिवशी दुकानासमोर, खिशात ठेवण्याआधी, त्यांनी ते एकदाही मनगटावर लावून का पाहिलं नाही?